मनगटावरची हाक

रविवारी सकाळी डायनिंग टेबलाशी बसून हेमचंद्र गुप्ते बिरडं सोलत होता, आणि त्याच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. एकदाच, आखूड. म्हणजे कोणीतरी त्याचं नाव घेतलं होतं. चिमटीतला वालाचा दाणा त्याने तसाच धरून ठेवला. मोड आलेला, कोमट पाण्यात भिजून बुळबुळीत झालेला दाणा, अर्धी साल सुटलेली. घरात माणसं दोनच, तो आणि पद्मजा. आणि पद्मजाने लग्न झाल्यापासून आजवर त्याला नावाने हाक मारली नव्हती. ती 'अहो' म्हणायची. दुसऱ्यांशी बोलताना 'हे' म्हणायची, 'यांना' म्हणायची, आणि अगदीच अडलं तर 'इराचे बाबा' म्हणून वेळ निभावून न्यायची. इरा लग्न करून बंगळूरला गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. त्याला नुसतं 'हेमचंद्र' म्हणणारी वडीलधारी माणसं एकेक करून संपली होती. मग या बदलापूरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, रविवारी, त्याचं नाव कोणाला सुचलं? तो उठला. ओल्या हातानेच दार उघडून जिन्यात डोकावला. जिन्यात कोणी नव्हतं. समोरच्यांच्या दाराशी नेहमीच्या चपला आणि दुधाची रिकामी पिशवी. दार लावून तो परत आला तेव्हा पद्मजा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली होती आणि त्याच्यासमोर, उजेडाकडे तोंड करून उभी राहिली होती. ही तिला लागलेली सवय. आधी त्याच्या नजरेत यायचं, मग बोलायचं. "झालं का सोलून? की डुलकी काढताय?" तिच्या ओठांनी विचारलं.

"तू हाक मारलीस मला?"

"मी? नाही बाई."

"फोन होता कोणाचा?"

"कोणाचा फोन? द्या ती परात इकडे, खोबरं वाटून ठेवलंय कधीचं." परात उचलून ती आत गेली. जाताना तिचे कान लाल दिसले, की त्याला तसं वाटलं, देव जाणे. अलीकडे त्याला वाटणं आणि असणं यांतला फरक नीट सांगता येत नव्हता.

कान काही एका दिवसात गेले नव्हते. अंबरनाथच्या एमआयडीसीत पत्र्याचे डबे करणाऱ्या कंपनीत तो प्रेस शॉपचा सुपरवायझर. दिवसभर झाकणं ठोकणाऱ्या प्रेसच्या ओळीत उभं राहायचं. तरुण होता तेव्हा कानांत घालायचे बोळे खिशात ठेवायचा आणि साहेब आले की घालायचा, सगळेच तसं करत. मग कुकरची शिट्टी गेली. दाराची घंटा गेली. नंतर बायकांचे आवाज जायला लागले. पद्मजाचा आवाज विकासच्या आवाजाआधी गेला, याचं हेमचंद्रला फार वाईट वाटलं होतं. विकास त्याच्या लाइनवरचा ऑपरेटर, बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून येणारा, घोगऱ्या गळ्याचा. त्याचं बोलणं ऐकू येत होतं आणि बायकोचं नाही, हा कुठला न्याय? पद्मजा म्हणाली कानाचं मशीन घेऊ, म्हणून दोघं उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका ओळखीच्या सिंधी दुकानदाराकडे गेले. त्याने मशीन बसवलं, टाळ्या वाजवून पाहिल्या, आणि हेमचंद्रच्या कानात पूर्ण बाजार एकदम घुसला. हातगाड्या, भोंगे, शटर, सगळं एकाच मापाचं. पद्मजा काहीतरी बोलत होती तेवढं मात्र त्यात नव्हतं. पुन्हा तक्रार घेऊन गेल्यावर दुकानदार हात जोडून म्हणाला, "साईं, मशीन एक नंबर है. अब नस ही सो गई तो मशीन क्या करेगा?" त्यावर पद्मजा हसली होती आणि रिक्षात बसल्यावर रडली होती. तिचा आवाज आता कसा झाला असेल, याचा अंदाज हेमचंद्रला नाही. त्याला आठवतो तो तिशीतल्या बाईचा आवाज. तोंड दिसतं ते आताचं आणि डोक्यात वाजतो तो जुना, आणि दोन्ही कधीकधी एकमेकांशी जुळतच नाहीत.

एक गोष्ट मात्र तो कोणाला सांगत नसे, कारण सांगितली असती तर वेड्यात काढलं असतं. प्रेस शॉपमध्ये तो बहिरा नव्हता. तिथे जमीन बोलायची. बुटांच्या तळव्यांतून, पोटऱ्यांतून, दाढांतून ठोके वर यायचे. तिथे शिरलं की अंगात पुन्हा कोणीतरी राहायला आल्यासारखं वाटायचं. घरी आलं की सगळं बंद. पंखा फिरतोय पण गप्प, नळ वाहतोय पण गप्प, टीव्हीवरची माणसं उगाच तोंडं हलवताहेत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्या दोन वर्षांचा एकेक दिवस त्याला हवा होता. पगारासाठी म्हणावं तर तसं नव्हतं, पगारावाचून चालण्यासारखं होतं. पण त्या गप्प घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं, हे त्याला होण्यासारखं नव्हतं.

म्हणूनच, मागे एकदा माल उचलणारी फोर्कलिफ्ट मागून अंगावर येता येता तो वाचला, आणि कंपनीतल्या वेल्फेअर ऑफिसर हिमानी यांनी त्याला बोलावलं, तेव्हा आता घरी बसवणार या भीतीने तो रात्रभर जागा होता. हिमानी तशी मुलीच्या वयाची, पण पदाला मान म्हणून तो 'मॅडम' म्हणायचा. तिने त्याला घरी बसवलं नाही, पट्टा दिला. वयस्कर आणि अपंग कामगारांसाठी कंपनीने योजना काढली होती. कोणाला कमरेला आधार देणारा पट्टा, कोणाला अक्षरं मोठी करणारा पडदा, आणि याला हा मनगटावरचा. एकदा आखूड थरथरला तर कोणीतरी नाव घेतलं. दोनदा लांब थरथरला तर जवळ गाडी आली, हलू नका. सारखा थरथरत राहिला तर आग, पळा. "सर, ॲक्च्युअली सगळ्यात इम्पॉर्टंट तुमचं नाव आहे," हिमानी सावकाश, ओठ मोठे करून म्हणाली होती. "बँड कोणाच्याही तोंडचं नाव ओळखेल, पण जवळच्या लोकांनी आधी रेकॉर्ड केलं तर बेटर." कंपनीत गुप्ते दोन, अकाउंट्समध्ये एक आणि हा एक. त्यामुळे शेडमध्ये त्याला सगळे 'हेमचंद्र सर' म्हणायचे, त्यातलं 'हेमचंद्र' पट्ट्याला शिकवलं गेलं. एकेकाने येऊन मोबाइलसमोर हाक मारली. विकास लाजत लाजत, बाकीचे तमाशा करत. घरच्यांनाही बोलावलं होतं. पद्मजा ठेवणीतली साडी नेसून आली. हिमानीने मोबाइल तिच्यासमोर धरला आणि पद्मजा गप्प. मग म्हणाली, "अहो." सगळी शेड हसली असणार, कारण सगळ्यांची तोंडं उघडी दिसली. हिमानी म्हणाली, "काकू, 'अहो' नाही चालणार हो, दिवसभर इथे सगळेच एकमेकांना अहो म्हणतात. हा बँड वेडा होईल थरथरून." पद्मजाने पुन्हा तोंड उघडलं, मिटलं. लग्नात आणि इराच्या बारशाला उखाण्यात तिने त्याचं नाव घेतलं होतं, तेव्हा त्याला ऐकू येत होतं. सणासुदीचं नाव असं मोबाइलसमोर घ्यायचं, हे तिला जमेना. शेवटी "राहू दे, मी काय कारखान्यात येणारेय?" म्हणून ती बाजूला झाली आणि पाहुण्यांसाठी ठेवलेलं ताक पीत बसली. हेमचंद्रला तेव्हा तिची गंमत वाटली होती. थोडा रागही आला होता. एवढी माणसं नाव घेताहेत, हिलाच काय झालं?

पट्ट्याचे पहिले काही दिवस मजेत गेले. आधी त्याला बोलवायचं म्हणजे कोणीतरी मशीन पुसायच्या कॉटन वेस्टचा गोळा करून पाठीवर फेकायचा, नाहीतर विकास जवळ येऊन खांद्यावर दोन बोटं दाबायचा. आता लांबून नुसतं नाव घेतलं की तो वळायचा. लोकांना जादूच वाटली. पण मग पट्टा भलत्या वेळी थरथरायला लागला. तो वळून पाही तर कोणीच त्याच्याकडे पाहत नसे. दोघं कॅंटीनच्या रांगेत बोलताहेत, त्यांची पाठ त्याच्याकडे, आणि मनगटावर टक. पाणी प्यायला गेला, टक. कोणी हाक मारत नव्हतं. हे लक्षात यायला त्याला वेळ लागला. पट्ट्याला हाक आणि गोष्ट यांतला फरक कळत नव्हता. कोणी त्याला बोलावो, की त्याच्याविषयी बोलो, नाव निघालं की टक. आई उचकी लागली की म्हणायची, कोण आठवण काढतंय बघ, आणि एकेकाचं नाव घेत बसायची, ज्याच्या नावाला उचकी थांबेल तो आठवण काढणारा. ही उचकी कोणाच्याच नावाला थांबत नव्हती. इतकी वर्षं बहिरेपणाचा एक फायदा त्याला नकळत मिळत होता. आपल्यामागे लोक काय बोलतात ते कळत नव्हतं, आणि बोलतात हेही कळत नव्हतं. आता बोलतात एवढंच कळत होतं. त्याने विकासला बाजूला घेऊन विचारलं, "माझ्याबद्दल काय चाललेलं असतं रे तुमचं?"

विकासने कानाच्या पाळीला हात लावला. "असा काय नाय सर. कामाचाच. हेमचंद्र सरांना विचार, हेमचंद्र सर बोललेत, अशा. तुमचा नाव तर पैल्यापासून निघतो सर, तुम्हाला आता समाजलाय."

हे खरं असेल. खोटं बोलायला विकासला काय पडलं होतं? पण रांगेतले दोघं हसत होते, ते कशाला? आपण 'काय?' 'काय?' करत वळतो त्याची नक्कल करत असतील. की म्हातारा कधी जातोय असं म्हणत असतील. की खरंच झाकणांच्या मापाचं बोलत होते, आणि हसले ते दुसऱ्याच कशाला? एका बाजूने त्याला वाटे, माणसं आपलं नाव दिवसातून इतक्यांदा घेतात, ही काही वाईट गोष्ट नाही. दुसऱ्या बाजूने वाटे, नाव कोणाचं इतक्यांदा निघतं? ज्याचं काहीतरी बिघडलंय त्याचं. मग त्याने ठरवलं, लक्षच द्यायचं नाही. थरथरू दे. आणि लक्ष न देण्याची सवय जडली, तीच काल शनिवारी नडली. पट्टा दोनदा लांब थरथरला आणि तो तसाच प्रेसच्या डायकडे, त्या साच्याकडे, वाकून राहिला. विकासने कॉलर धरून मागे ओढलं. फोर्कलिफ्टचं पातं त्याचा शर्ट फाडत अंगाला चाटून गेलं. चालवणारा पोरगा उतरून सगळ्यांना भराभर काहीतरी सांगत होता, आणि हेमचंद्रला पहिल्यांदा काय सुचलं असेल तर, बापरे, आता याच्या तोंडी आपलं नाव किती वेळ राहणार.

हिमानीने त्याला समोर बसवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "सर, सोमवारी मला क्लिअर सांगा. बँडवर तुमचा भरवसा आहे की नाही? नसेल तर मी तुम्हाला प्रेस शॉपमध्ये उभं नाही करू शकत. आणि दुसरीकडे बसवण्यासारखी जागा नाहीये, हे तुम्हाला माहितीये." म्हणजे पट्टा किंवा घर. घरी आल्यावर त्याने पद्मजाला सगळं सांगितलं. फाटलेला शर्ट पाहून ती पलंगावर बसली आणि एकच शब्द म्हणाली, तो त्याला अगदी स्पष्ट वाचता आला. "सोडा."

आणि आज ही रविवारची टक. जेवताना त्याचं बिरड्यात लक्ष नव्हतं. पद्मजाने वाढलं, त्याने खाल्लं, मीठ कमी आहे का असं तिने विचारलं असावं, त्याने मान हलवली, कुठल्या बाजूला तेही त्याला ठाऊक नाही. दुपारी तो आडवा झाला होता, पद्मजा आत भांडी आवरत होती, आणि पुन्हा टक. थोड्या वेळाने परत. तो छताकडे बघत पडून राहिला. आता त्याला उलगडलं. म्हणजे उलगडल्यासारखं वाटलं. पद्मजा फोनवर बोलत होती आणि तिला त्याचं नाव घ्यावं लागत होतं. 'हे' म्हणून चालणार नाही अशा कोणाशीतरी. परक्याशी. आणि परकं कोण? त्या दिवशी ताक पिताना तिने आणि हिमानीने एकमेकींचे नंबर घेतले होते, ते त्याने पाहिलं होतं. म्हणजे ही आत उभी राहून हिमानीला सांगत होती, हेमचंद्र गुप्ते यांना आता कामावर ठेवू नका. त्यांना झेपत नाही. माझ्या जिवाला घोर आहे. त्याला पद्मजाचा इतका राग आला की अंगावरची चादर त्याने पायाने खाली ढकलली. इतक्या वर्षांत माझं नाव घेतलं नाहीस, आणि घेतलंस ते मला घरी बसवायला! आणि लगेच त्याला वाटलं, तिचं काय चुकलं? अंगावरून पातं गेलेल्या नवऱ्याची बायको दुसरं काय करेल? मग पुन्हा राग. मग ती खरंच बोलतेय का, की हा पट्टाच बिघडलाय? की नाव दुसऱ्याच कोणाचं होतं, खालच्या मजल्यावर टीव्ही मोठा लावतात म्हणतात. की टक झालीच नव्हती, आणि अंगाला लागलेली सवय आपणहून थरथरते? त्याने दुसरा हात पट्ट्यावर दाबून धरला. हाताखाली आपलीच नाडी उडत होती, आणि कुठली नाडी आणि कुठला पट्टा हे त्याला सांगता येईना. डोक्यात नुसता गुंता झाला होता.

उन्हं उतरली तेव्हा त्याचं ठरलं होतं. पट्टा त्याच्या मूळ डब्यात घालायचा, उद्या हिमानीच्या टेबलावर ठेवायचा आणि सांगायचं, घ्या, माझा भरवसा नाही. मग त्या गप्प घरात बसायचं. निदान कोण आपलं नाव घेतंय याची चौकशी तरी उरणार नाही. डबा बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली होता. तो घ्यायला वाकला, तर डब्याशेजारी पद्मजाचा मोबाइल, चार्जिंगला लावलेला. त्याने तो उचलला, पालथा केला, सरळ केला. मोबाइल इथे आहे. आणि पद्मजा आत.

मनगटावर टक.

तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. सावकाश, पण आपली पावलं वाजतात की नाही हे त्याला कधीच कळत नसे. पद्मजा ओट्याशी खिडकीकडे तोंड करून उभी होती. हातात पुसायचं फडकं, पुसायला काही नाही. तिचा खांदा किंचित वर उचलला गेला, मान ताठ झाली, माणूस दम घेऊन काही बोलतं तशी. पट्टा गप्पच. तिने मान हलवली, स्वतःवरच वैतागल्यासारखी. पुन्हा खांदा वर गेला, या वेळी जास्त, आणि त्याच्या मनगटावर टक झाली. ती थांबली. मानेमागे घाम आला होता, केसांची एक बट तिथे चिकटली होती. तिने फडकं ओट्यावर आपटलं आणि पुन्हा. टक. लगेच पुन्हा. टक. इतक्या मोठ्याने म्हणत असणार की खालच्यांनाही ऐकू गेलं असेल. सबंध इमारतीत ते ऐकू येत नव्हतं असा एकटा तोच.

 दिवसभर याच बाईवर आपण काय काय आळ घेतले, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली. निघून जावं, तिला कळू देऊ नये, असंही वाटलं. पण नाव घेतलं होतं, आणि नाव घेतल्यावर माणूस जे करतो ते त्याच्या तोंडून होऊन गेलं. "ओ," तो म्हणाला. किती मोठ्याने, ते त्याला माहीत नाही. पद्मजा दचकून वळली, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्याने.

"कधीपासून उभे आहात?"

"कोणाला बोलावत होतीस?"

ती आधी चिडली. चिडली की ती भराभर बोलते आणि त्याला अर्धंच वाचता येतं. मग लक्षात येऊन थांबली, उजेडाकडे सरकली. "परवा अंबरनाथला शिवमंदिरात गेलो होतो, आठवतं? मी चपला घालत मागे राहिले आणि तुम्ही सरळ रस्त्यावर. मागून रिक्षा येत होती. मी 'अहो, अहो' करून ओरडतेय. लोक वळून बघायला लागले, चार पुरुष वळले, तुम्ही नाही. तुमच्या त्या पट्ट्याला माझं काही कळेचना. रिक्षावाल्यानेच वळवून घेतली म्हणून." तिने नाक पुसलं. "तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही मी. तेव्हा पण नाव तोंडात आलं होतं हो. बाहेरच पडेना."

त्याला देऊळ आठवलं, ओला दगड आठवला, प्रसादाचा द्रोण आठवला. रिक्षा आठवली नाही. ती त्याच्यापुरती आलीच नव्हती. तिने मागून येऊन बाही धरली होती आणि स्टेशनपर्यंत सोडली नव्हती, तेव्हा तो तिला म्हणाला होता, लोक काय म्हणतील, म्हातारपणी.

"आता येतं मला," पद्मजा म्हणाली. "लांबून पण येतं. जिन्यातून पण मारीन."

"नोकरी सोडली की पट्टा परत द्यावा लागतो," हेमचंद्र म्हणाला.

"म्हणजे?"

"कंपनीचा आहे तो. बाजारात मिळत नाही. मी प्रेस शॉपमध्ये आहे तोवर माझ्याकडे."

तिने त्याच्या मनगटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे, मग दोरीवर वाळत घातलेल्या त्या फाटक्या शर्टाकडे. हिशेब काही बसत नव्हता, ते तिच्या कपाळावर दिसत होतं. त्याच्याही बसत नव्हता. जिथे मरायची भीती तिथे गेल्याशिवाय वाचायची सोय हातात राहत नाही, हे असलं त्रांगडं कोणी केलं? तो म्हणाला, "शेडमधली नावं बंद करायला सांगतो. तिथे गाडीचं तेवढं ठेवा म्हणतो. नाव फक्त घरी."

"ऐकतील?"

"विचारतो."

तिने ओट्यावरचं फडकं उचलून त्याची घडी केली. मग तिचे ओठ हलले, अगदी थोडे, आणि त्याला वाटलं ती पुन्हा 'सोडा' म्हणतेय. "काय?" त्याने विचारलं.

"जा म्हटलं. जा उद्या."

बाहेर अंधारायला लागलं होतं. दिवा लावायला ती वळणार, एवढ्यात त्याने तिचा हात धरला. "एकदा समोरून म्हण ना," तो म्हणाला. "तोंड बघू दे मला. उखाण्यात नुसतं ऐकलं, बघितलं कधी नाही."

"चला, काहीतरीच."

"एकदा."

ती हसली, की तिचा चेहरा वाकडा झाला. तो नीट बघणार तोच तिने पदर उचलून तोंडावर घट्ट धरला. नुसते डोळे दिसत होते, आणि ते भरलेले होते की दिवा नसल्यामुळे तसे दिसत होते, ते त्याला कळेना. पदर किंचित हलला, आणि त्याच्या मनगटावर टक झाली.